रविवारचं पेट्रोल

एस्कलांटे, युटा
८ ऑक्टोबर

प्रिय थेन,

आम्ही ठीक आहोत, तूही असशील. यंदा पीच इतके आले की बरण्या कमी पडल्या. दोन बरण्या तुझ्यासाठी बाजूला ठेवल्यात. तुझ्या हँक्सव्हिलच्या पंपावर आता कॉफीचं मशीनही आलं म्हणे. चर्चमधल्या बायकांना माझ्याआधी कळलं, म्हणजे छान चाललं असणार.

मुख्य बातमी अशी की बाबांना दऱ्याखोऱ्यांतून एक फेरी मारायची आहे. शुक्रवारी निघून सोमवारी परत. गाडी मी चालवणार. परवा जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसलो होतो. बोल्डरवरून लाल कड्यांतून खाली उतरायचं, मग नॉटमच्या कच्च्या रस्त्याने फ्रूटाला. पाऊस झाला तर ओढ्यांना लोंढे येतात म्हणून मी डांबरी रस्ता सुचवला. डांबर बघायला मी घराबाहेर पडत नाही, असं उत्तर मिळालं. शनिवारी फ्रूटाच्या बागेशेजारी तंबू. निखाऱ्यांवर बटाटे मी करणार आणि ते कुठे बिघडले हे बाबा सांगणार. रविवारी हँक्सव्हिलवरून पुढे नदीकडे.

वाद झाला तो पेट्रोलवरून. रविवार देवाचा, आपल्या घरात त्या दिवशी खरेदी नाही, त्यामुळे शनिवारी टाकी भरलीच पाहिजे, हे तुला मी काय सांगणार? तू रविवारी पंप उघडा ठेवायला लागलास, तेव्हापासून बाबांनी तुझ्याकडे कुठल्याच वारी पेट्रोल भरलं नाही. हँक्सव्हिलमधून जाताना मान डोंगराकडे वळवून बसायचे. तुलाही ते दिसत असणार.

म्हणून मी म्हटलं, शनिवारी वाकडी वाट करून टॉरीला टाकी भरून घेऊ. नको म्हणाले.

"बाबा, अशानं आपण रविवारी हँक्सव्हिलपर्यंत जेमतेम पोचू. पुढे थेंबभर उरणार नाही."

"पोचू ना? मग झालं. जन्म गेला माझा या रस्त्यांवर. पेट्रोल कुठे संपतं ते तू मला शिकवू नकोस."

नकाशाची घडी घालताना त्यांनी बजावलं की थेनला फोन करायचा नाही. पत्राबद्दल काही बोलले नाहीत.

आता मघापासून टाळतेय ते लिहिते. बाबांचे डोळे चाललेत. समोरचं, मधलं काही दिसत नाही, फक्त कडेकडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाले, तेही फार दिवस टिकणार नाही. नकाशावरचे रस्ते मी वाचत होते, बाबा नुसते आठवत होते. तुला आधी कळवू दिलं नाही. त्यांना कीव नको होती, तुझी तर नाहीच.

मला भीती एकाच गोष्टीची वाटते. हल्ली काही नीट बघायचं असलं की ते त्याच्यापासून तोंड फिरवतात. माझा चेहरा बघायचा तर खिडकीकडे बघतात. रविवारी गाडी तुझ्या पंपावर थांबेल, तू काचेशी येशील आणि ते पूर्वीसारखेच डोंगराकडे मान वळवून बसलेले असतील. रागावून आत जाऊ नकोस. तिथेच उभा राहा, थोडा जास्त वेळ. ते तुला बघत असतील.

रिकामी टाकी घेऊन येणारी,
तुझी बहीण नेड्रा