इंजेक्शनाआधीचा ईसीजी

४ मार्च

हिला दुपारी तातडीच्या विभागात आणलं. लघवीतला संसर्ग रक्तात उतरलाय, ताप डोक्यात चढलाय. मला ओळखत नाही. "सोडा मला, भाऊ पाण्यात आहे" – एवढंच. नर्सच्या हाताला चावली. घरात झुरळावर चप्पल न उगारणारी बाई ही!

तिचा धाकटा भाऊ नदीत गेला, आमच्या लग्नाआधी. पोहायला तिनेच शिकवलं होतं. "कच्चा होता, हिनेच नेला" – तिच्या माहेरी हे आडून आडून इतकी वर्षं ऐकत आलोय. ती कधी उलट बोलली नाही.

पडद्याआडचं बोलणं कानावर आलं. कान माझे तिखट – पंप नुसता ऐकून बिघाड सांगतो, त्यावरच तर वर्कशॉप उभं केलं. नर्स म्हणत होती, "मॅडम, द्या ना शांत करायचं इंजेक्शन. आता दुसरा हात चावेल." डॉक्टर – माझ्या लेकीएवढी – म्हणाली, "त्याने एखाद्याच्या हृदयाचा ठेका बिघडतो. आधी ईसीजी."

"पडून राहिली तर ना."

तारा चिकटवल्या की ही उपटून टाकी. शेवटी मी तिच्या कानाशी वाकलो. "काढला गं त्याला बाहेर. धाप लागलीय, बाकी बरा आहे."

"नक्की?"

"नक्की. सदरा पिळतोय."

निपचित पडली. माझं बोट मुठीत. तेवढ्यात ईसीजीची पट्टी निघाली.

गिऱ्हाइकांना "उद्या नक्की देतो" म्हणण्यात हयात गेली माझी. पण असलं खोटं कधी बोललो नव्हतो.

५ मार्च

डॉक्टर पट्टी घेऊन आली. "काका, प्रत्येक ठोक्यानंतर यांचं हृदय सावरायला फार वेळ घेतं. ते इंजेक्शन जिवावर बेतू शकलं असतं. दुसरं दिलंय, मॉनिटरवर नजर आहे." मग विचारलं, "घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय?"

"हिचा भाऊ. पण तो बुडाला."

तिने पट्टीवर पुन्हा नजर टाकली. "पोहता यायचं त्यांना?"

७ मार्च

ताप उतरला. डोळे उघडून म्हणाली, "दाढी का नाही केलीत?" बाहेर जाऊन रडून आलो.

१५ मार्च

हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. ताप गेला तरी पट्टी तशीच. हे घराण्यात चालत येतं म्हणाले. लेकीचाही ईसीजी काढायचाय. असं हृदय पोहताना अचानक थांबू शकतं, माणूस कितीही पट्टीचा पोहणारा असो. मी विचारलं, भावाचं तेच झालं असेल? "आज खात्री कोण देणार? पण मला तसंच वाटतं."

परतताना ही रिक्षात बाहेरच बघत होती.

१६ मार्च

सकाळी चहा गाळताना, पाठमोरीच, म्हणाली – "म्हणजे मी त्याला नीट शिकवलं होतं."