ऑक्सिजनची भुवई

११ नोव्हेंबर, मंगळवार

डाग पुसला. गेला नाही. दुर्बिणीचं भिंग पुसलं, फिल्टर पुसला, शेवटी कॉम्प्युटरचा पडदाही पुसला. बायको दारातून म्हणाली, "आता चष्मा पुसा."

चष्माही पुसला. डाग आहेच!

परसातून सात रात्री काढलेले फोटो आज एकावर एक रचले. मिळून एकोणीस तासांचा उजेड. मधला तेजोमेघ झकास आलाय. तो काय, सगळ्यांनीच काढलेला असतो. पण त्याच्या वर, डावीकडे, जिथे कुठल्याच नकाशात काही नाही, तिथे एक फिकट वाकडी रेघ आहे. अगदी भुवईसारखी! आणि ती फक्त नव्या फिल्टरमधून दिसते. हा फिल्टर रस्त्यावरचे दिवे, शेजाऱ्यांचा व्हरांडा, सगळं अडवतो आणि तापलेल्या ऑक्सिजनचा हिरवट-निळा प्रकाश तेवढा आत सोडतो. म्हणजे वर ऑक्सिजन आहे. किंवा खाली मी गाढव आहे. दोहोंपैकी एक नक्की.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सरांना चित्र पाठवलं. मी आठवीत शाळा सोडून पंपाच्या दुकानात फरशी पुसायला लागलो, पुढे दुकान माझं झालं. राहिलेलं शिक्षण गेल्या नऊ वर्षांत सरांनी पुरं केलं. निवृत्त शिक्षक, आमच्या आकाश मंडळाचे अध्यक्ष, वय अठ्ठ्याहत्तर.

दुपारी फोन. "शेठ, हे काय पाठवलंत?" आवाजात बारीक थरथर. रागाची नव्हे, राग मी ओळखतो. नवी मोटर पहिल्यांदा सुरू होताना अशी थरथरते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सर घरीच आले. दोन तास पडद्यासमोरून हलले नाहीत. चहाचं पाणी झालं. "हे कुणीही पाहिलेलं नाही! शेठ, रविवारी तेवीसला वार्षिक सभा. बाहेरगावची मंडळी येतायत. मी स्वतः जाहीर करतो."

"सर, जरा थांबू या."

"आणि तोवर दुसऱ्या कुणी काढलं तर?"

घाई का, ते मला कळतं. बावीस वर्षांपूर्वी सरांनी नवा धूमकेतू सापडल्याचं पेपरात दिलं. धूमकेतू निघाला फिल्मवरचा ओरखडा! तेव्हापासून मंडळातली पोरं पाठीमागे त्यांना 'धूमकेतू' म्हणतात. पोरांना वाटतं सरांना हे माहीत नाही, पण सरांना सगळं माहीत आहे. ते नाव पुसायला ही भुवई हवी आहे. पण तीही खोटी निघाली तर? दुसऱ्यांदा हसं झालं, तर हा माणूस परत दुर्बिणीला डोळा लावणार नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

झोप नाही. भुवईच्या जवळच एक ठळक तारा आहे. त्याचा उजेड फिल्टर आणि कॅमेऱ्याच्या काचांमध्ये टोले खात असला तर? तर ती भुवई नव्हे, काचेतलं भूत.

भूत कसं पकडायचं? आमच्या धंद्यात मोटर घुरघुरली की पंखा काढून दुसऱ्या मोटरला लावतात. घुरघुर पंख्याबरोबर गेली तर दोष पंख्यात. तसंच इथे — कॅमेरा आणि फिल्टर एकत्र फिरवायचे, त्याच ताऱ्यांचे फोटो काढायचे. भुवई कॅमेऱ्याबरोबर फिरली तर भूत. ताऱ्यांना धरून राहिली तर खरी. तीन तास निरभ्र आकाश हवं. आठ रात्री हातात आहेत.

फिरवणारच.

१६ नोव्हेंबर, रविवार

ढग.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा ढग. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे लावायचं म्हणतात. इथे फाटतच नाही, हीच तक्रार!

१८ नोव्हेंबर, मंगळवार

साडेसातला तारे दिसले. कॅमेरा फिरवून सुरुवात केली, तर दुर्बीण फिरवणारी मोटर किरकिरली. इतरांना ऐकूही आलं नसतं. दातेरी चाक सैल. घट्ट करून वंगण घातलं, चाळीस मिनिटं गेली. बायको बॅटरी धरून उभी. म्हणाली, "झालं का हो? कारण वर झालंय." मान वर केली. एक तारा शिल्लक नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ढग. मी पण हटणार नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

अकरा मिनिटं मिळाली. अकरा मिनिटांत भुवई नव्हे, नाकसुद्धा दिसत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मंडळाच्या खजिनदाराचा फोन आला, सभेच्या खुर्च्यांबद्दल. बोलणं झालं, त्याचा फोन बंद करायचा राहिला. पलीकडे तो कुणाला तरी म्हणाला, "पंपवाला आणि धूमकेतू! जोडी जमलीय. रविवारी पुढच्या रांगेत बसू."

मला हसूच आलं. मला काहीही म्हणा, पंपावरच घर उभं राहिलंय. पण सरांना हसायला पुढची रांग राखून ठेवलीय, ते टोचलं.

रात्री अर्थातच ढग.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सरांकडे गेलो. कोटाला इस्त्री झालेली, खुर्चीच्या पाठीवर टांगलेला. सरळ विषयाला हात घातला. "सर, उद्या नको. तपासलेलं नाही."

"तुम्ही घाबरलात."

"घाबरलोय. दुरुस्त झाला की नाही न बघता मी कुणाचा पंप परत दिलेला नाही. हा तर तुमच्या नावाचा आहे."

 साखर केव्हाच विरघळली होती, तरी सरांचा चमचा कपात फिरत राहिला. मग थांबला.

"चित्र तुमचं आहे शेठ. तुम्ही नाही म्हणालात तर मी कोण?" मग म्हणाले, "पण सभेची पत्रिका गेलीय. 'नवा शोध' असं छापलंय. मला उभं तर राहावंच लागेल."

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

रात्री एकपर्यंत परसात बसलो. वर नुसती ढगांची गोधडी.

२३ नोव्हेंबर, रविवार

सभा झाली. हॉल भरलेला. सर कोट घालून उभे राहिले. पडदा कोरा.

"एक चित्र दाखवणार होतो. ते तपासून झालेलं नाही, म्हणून दाखवत नाही. पत्रिकेत छापायची घाई माझी. ज्यांनी चित्र काढलं ते थांबा म्हणत होते."

बसले. एवढंच! मी मागे, दाराजवळ होतो. पुढच्या रांगेतली कुजबुज तिथवर आली — "धूमकेतू आला आणि गेला!" चार-पाच जण हसले. सरांनी त्यांच्याकडे मान वळवली आणि म्हणाले, "बरोबर आहे, बावीस वर्षांनी परत दिसला. आता पुढचा विषय, खुर्च्यांचं भाडं." सगळा हॉल हसला. पण ते हसू वेगळं होतं. पुढची रांग मात्र गप्प.

मी हसलो नाही. थांबायला मी लावलं होतं, उभे ते राहिले.

 गाडीतून उतरताना सरांनी कोट काढून हातावर घेतला, म्हणाले, "शेठ, आज झोप लागेल." मला काही लागणार नाही. अकरा वाजलेत. पश्चिमेकडे दोन तारे दिसतायत. निघालो परसात.

२४ नोव्हेंबर, सोमवार, पहाटे

सव्वातीन तास मिळाले. कॅमेरा नव्वद अंश फिरवलेला. रचून बघितलं, बायकोला उठवून दाखवलं, पुन्हा बघितलं.

भुवई हललेली नाही! ताऱ्यांना धरून, जिथल्या तिथे!

सरांना फोन लावला.  सर म्हणाले, "शेठ, आता उलट्या बाजूला फिरवून बघा. निघालोच मी."