द्रेनोवची ढाल

प्रिय विद,

या नावानं तिकडे तुला कुणी हाक मारत नसेल. मला दुसरं येत नाही, तेव्हा चालवून घे. पत्र मीठवाल्याच्या पोत्यातून येतंय, ओलं निघालं तर दोष माझा नाही.

तुझे वडील गेले. मार्टिनच्या सणाला आठवडा उरला होता. ज्यानं उभा जन्म घोड्यावर काढला त्याला साध्या खोकल्यानं नेलं, तेही पलंगावर, पायात बूट असताना. काढूच देईना. "तुर्क आले तर अनवाणी पळू का?" म्हणून माझ्यावर खेकसला. मी म्हटलं, "तू कधीपासून पळायला लागलास?" त्यावर हसला, आणि पुन्हा खोकल्याची उबळ आली. सणाच्या दिवशी नव्या द्राक्षरसाला बाप्तिस्मा देऊन त्याची वाइन करायची, हे काम आपल्या घरी तोच करायचा. खोटा पाद्री होऊन, डोक्यावर भांडं घालून. तेवढा एकच दिवस तो चेष्टामस्करी करायचा. यंदा पिंपं तशीच पडून आहेत.

बाकी लोक काय सांगतील ते तुझ्या कानावर येईलच. राजानं त्याला बान नेमून कारभाराचा दंड हाती दिला तेव्हापासून कुपा नदीच्या अलीकडचा सारा मुलूख त्याच्या शब्दावर चालला, फौजही आणि न्यायही. चांगला चालला, हे मान्य करायला हवं. घरात मात्र आंबट कोबीत मीठ जास्त झालं की तो ताट सरकवून द्यायचा, आणि संध्याकाळपर्यंत नोकरमंडळी भिंतीला चिकटून चालायची.

तुर्कांनी तुला द्राक्षतोडणीतून उचलून नेलं तेव्हा त्यांचा एक सरदार, बेग, आपल्या तळघरात कैदेत होता. "बेग सोडा, पोर घ्या," असा निरोप आला. तुझी आई उंबऱ्यावर आडवी पडली. तुझा बाप तिला ओलांडून गेला. "हा सुटला तर वसंतात किल्ला जाईल, आणि आतली सगळी पोरं जातील," एवढंच बोलला. मग चर्चमध्ये तुझ्या नावानं मेलेल्यांची प्रार्थना करवली. पुढे दर वर्षी करवली, आणि घरात तुझं नाव काढायचं नाही असा हुकूम केला. तुझी आई त्या दुःखातच गेली. मी त्याला कधी क्षमा केली नाही, आजही केलेली नाही.

तू नदीपलीकडच्या तुर्की किल्ल्याचा सरदार झालास हे आम्हाला मीठवाल्याकडून कळलं. पुढे सभेत सरदार मंडळी तुझ्या बापाला टोमणे मारायची, "बानसाहेब, आपल्या तोफा त्या एका किल्ल्याकडे वळतच नाहीत, चाकं गंजली की काय?" तो म्हणायचा, "दारू ओली आहे." भर उन्हाळ्यातही तेच सांगायचा. मंडळी हसायची, आणि मोहीम पुढे ढकलली जायची.

तू लहानपणी गेलास, म्हणून आपला एक रिवाज तुला ठाऊक नसेल. घराण्यातला शेवटचा पुरुष पुरताना भालदार घराण्याची ढाल वर धरून तीनदा विचारतो, कुणी उरलंय का म्हणून. उत्तर आलं नाही तर कुऱ्हाडीनं ढाल फोडून शवपेटीवर टाकतात. मग जमीनजुमला राजाचा होतो. शेवटच्या दुपारी तुझ्या बापानं, गाश्पारनं, माझं मनगट धरलं. "दोरा, भालदारानं विचारलं की म्हण, आहे. मोठ्यानं म्हण. विद आहे." इतक्या वर्षांत ते नाव मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी कबूल केलं.

चर्च खच्चून भरलं होतं. भालदारानं विचारलं, "द्रेनोवच्या घराण्याचं कुणी उरलंय का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी 'आहे' म्हटलं असतं तर निदान वाद पडला असता, आणि तो मिटेपर्यंत माझी खोली तरी राहिली असती. पण ती बातमी नदी ओलांडून तुझ्या धन्यापर्यंत, त्या पाशापर्यंत, गेली असती. इकडे तू मेलेला आहेस, तुला परतायला घर नाही, म्हणून तर त्यानं किल्ला तुझ्या हाती ठेवलाय. बानाचा जिवंत वारस म्हटल्यावर तुझं डोकं किती दिवस धडावर राहिलं असतं? त्या दरवर्षीच्या प्रार्थना गाश्पारनं याचसाठी करवल्या असतील का, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं. तो कधी बोलला नाही, आणि न बोललेल्या गोष्टीचं श्रेय मी त्याला देणार नाही.

तीनदा विचारलं. मी खाली मान घालून बसले. ढाल फुटली.

उद्या राजाचे लोक किल्ल्या घ्यायला येतील, मी मठात जाईन. तिथून पत्र धाडता येणार नाही. म्हणून हे आजच लिहिलं. ढाल फुटल्याचं तुला कुणीतरी सांगेलच, आणि बापानं मरतानाही नाकारलं असं तुला वाटेल. तसं नाही रे. त्यानं 'आहे' म्हणायला सांगितलं होतं. गप्प मी राहिले. वाचून झालं की हे चुलीत घाल.

तुझीच,
दोरा आत्या