पूर्वी इजा झाली असल्यास

दि. ४ मार्च

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा पोचलं. आई ठीक आहे, तिचे गुडघे नेहमीसारखे कुरकुरतात. दुकानात काच घासायचं मशीन पुन्हा खोकायला लागलंय. ख्यालीखुशाली झाली, आता मुद्द्याचं.

तुझं डोकं ठिकाणावर आहे का?

फोनवर ताई बोलू देत नाही म्हणून पत्र लिहितेय, असं तूच लिहिलंयस. शहाणपणा केलास. फोनवर असतीस तर कान किटले असते तुझे. सातवीतल्या पोरांनी फळ्यावर बाईंचं चित्र काढलं, त्यात नाक एका बाजूला कललेलं, आणि बाई थेट ऑपरेशनची तारीख घेऊन मोकळ्या झाल्या. सतरा तारीख. अगं, तीच पोरं गणिताच्या सरांचं टक्कल काढतात, असं तूच सांगत होतीस. सर गेले का डोक्यावर केस पेरून घ्यायला?

तू पाठवलेला फोटो पाहिला. डावीकडे तू, उजवीकडे संगणकानं केलेली तू. उजवीकडची छान आहे, नाही म्हणत नाही. पण तिला मी ओळखते. ती माझ्या दुकानाच्या भिंतीवर सहा पोस्टरांत फ्रेम घालून बसलेली आहे आणि सगळ्या पोस्टरांत सारखीच हसते. तू आरशात बघशील तेव्हा तिलाच भेटायचंय का तुला?

आणि चष्म्याचं काय लिहिलंयस ते? गेल्या महिन्यात दिवाणखान्यातल्या पसाऱ्यात जुना मोडला म्हणून तिकडच्याच एका दुकानातून नवा करून घेतलास. मला न कळवता. त्या माणसानं तुझं नाक नीट बघितलं तरी का? लोकांना वाटतं चष्मेवाली डोळे बघते. डोळे कागदावर लिहून येतात, मी नाक बघते. तुझ्या आजवरच्या प्रत्येक फ्रेमचं डावं पॅड मी दोन मिलिमीटर बाहेर ओढलंय आणि उजवं आत दाबलंय, म्हणून चष्मा सरळ बसायचा आणि समोरच्याला काही कळायचं नाही. त्या गड्यानं दोन्ही पॅड सारखी ठेवली असणार. चष्मा तिरका बसला, तिरक्या चष्म्यामुळे नाक तिरकं दिसलं, आणि पोरांनी जे दिसलं ते काढलं. म्हणजे दोष चष्म्याचा आणि कापाकापी नाकाची.

मी काही अंदाजपंचे बोलत नाहीये. कान-नाक-घशाचे डॉक्टर आपल्याकडून चष्मा करून घेतात, ते काल आले होते. दांडी सैल झाली होती. चष्मा माझ्या हातात, त्याशिवाय त्यांना दारही दिसत नाही, म्हणजे उत्तरं देणं भागच. पाऊण तास बसवून ठेवलं. त्यांनी सांगितलं ते ऐक. संगणकावरचं चित्र म्हणजे वचन नव्हे, नुसता अंदाज. पूर्ण भूल द्यावी लागते. नाकावर आठवडाभर टेकू, डोळ्यांखाली काळंनिळं, उशा रचून झोपायचं, नाक शिंकरायचं नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या काही दिवस आधीपासून बंद, तेही डॉक्टरला विचारून. सूज वरून लवकर उतरते, आतली मुरायला वर्ष लागतं, तोवर नाक खरं कसं झालंय हे कुणालाच सांगता येत नाही. मनासारखं झालं नाही तर दुसऱ्यांदा करणं पहिल्यापेक्षा अवघड. आणि कित्येक आठवडे नाकावर चष्मा टेकवायचा नाही. तुझा नंबर उणे सात. फळ्याऐवजी खिडकीवर लिहिशील.

हे सगळं त्या तुझ्या सर्जननं सांगितलं का? की नुसते फोटो दाखवले? ही ऑपरेशनं त्यांनी किती केलीत, बिघडलं तर काय करतात, हे विचारलंस का? उत्तर देताना ते घड्याळाकडे बघायला लागले तर ऊठ आणि घरी ये.

फॉर्मबद्दल काहीतरी विचारलं होतंस, ते नंतर बघू.

तुझी,
ताई

ता. क. आईला यातलं काही कळवू नकोस. ती उगाच स्वतःला दोष देत बसेल.


दि. ९ मार्च

प्रिय ठमे,

वरचं पत्र पाच दिवस गल्ल्याजवळ पडून होतं. पाकीट चिकटवलं होतं, तिकीटही लावलं होतं. ते आता याच्यासोबत पाठवतेय. त्यातलं डॉक्टरांचं बोलणं उपयोगाचं आहे, बाकी माझा आरडाओरडा आहे.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मी लिहिली नाही. चष्मा परत दिल्यावर ते जाता जाता म्हणाले, "बहिणीला श्वासाचा त्रास आहे का? एक नाकपुडी बंद राहते का? आतला पडदा सरकलेला असेल तर नुसता दिखाव्याचा प्रश्न नाही. दोन्ही कामं एकदम करता येतात. पण मार केव्हा लागला, कुठल्या बाजूनं लागला, हे तिनं सर्जनला खरं सांगायला हवं."

डावी नाकपुडी बंद असते तुझी. मला माहीत आहे. आपण एका खोलीत झोपायचो. तुझा तोंडानं घेतलेला श्वास मी वर्षानुवर्षं ऐकला आणि पांघरूण कानावर ओढलं.

तुझ्या पत्रात एकच वाक्य होतं ज्याचा मला खरा राग आला, आणि त्यावर मी एक शब्द लिहिला नाही. "ताई, फॉर्ममध्ये विचारलंय, नाकाला पूर्वी इजा झाली असल्यास कशी व केव्हा. काय लिहू?" बावीस वर्षं झाली आणि अजून तू मलाच विचारतेस काय लिहू म्हणून. याचा राग आला मला. एकतीस वर्षांची बाई तू, वर्गातल्या चाळीस पोरांना गप्प करतेस. मला का नाही कधी सुनावलंस?

तू नऊ वर्षांची होतीस आणि मी पंधराची. आईच्या नकळत आरशासमोर भुवया कोरत होते, कारण मला माझा चेहरा आवडत नव्हता. हो, मलाच. एक भुवई अर्धी उडाली. तू दारात येऊन हसलीस. मी दार आपटलं. तुला मागे सरायला वेळच मिळाला नाही. मग तुझ्या फ्रॉकवरचं रक्त बघून मी काय केलं? तुला जवळ घेतलं नाही. म्हटलं, "जिन्यावरून पडले म्हणून सांग. नाहीतर मी तुझ्याशी आयुष्यात बोलणार नाही." आणि तू रडत रडत मान हलवलीस. सूज उतरेपर्यंत हाड तसंच जुळलं.

राग माझ्या नाकावर असतो असं सगळे हसत म्हणतात. भोगलं मात्र तुझ्या नाकानं.

आणि आईनं. त्या दिवशी सकाळी तिनं जिना पुसला होता. तेव्हापासून ती दुकानात उतरायच्या सगळ्या पायऱ्या आधी ओल्या फडक्यानं पुसते, मग गुडघ्यांवर बसून कोरड्या फडक्यानं. बावीस वर्षं, रोज. मी वरून बघायचे आणि ओरडायचे, "आई, पुरे, गुडघे जातील तुझे." तिच्या गुडघ्यांची काळजी करायला मीच पुढे.

परवा तिला सांगितलं. ती गाद्यांना खोळी घालत होती. मी उभ्यानंच सगळं बोलून टाकलं, बसले असते तर जमलं नसतं. तिनं हातातली खोळ पूर्ण घातली, कोपरे ओढले. मग म्हणाली, "म्हणजे पायऱ्या कोरड्या होत्या."

मी म्हटलं, "हो."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. माझं ताट वाढून ठेवते आणि आत जाते. मी रडले, ओरडले, एकदा माफीही मागितली, सवय नसल्यामुळे तीही ओरडूनच मागितली गेली. मला कुणी ओरडून उत्तर दिलं की मी निभावते. हे निभत नाही. मी तुला कसली धमकी दिली होती, हे आत्ता कळतंय.

तर फॉर्ममध्ये असं लिही. मोठ्या बहिणीनं रागानं दार आपटलं. दार डावीकडून लागलं. वय वर्षं नऊ. जागा पुरली नाही तर मागच्या पानावर लिही, पण पडले असं लिहू नकोस.

ऑपरेशन करायचं की नाही हे तू ठरव. श्वासासाठी कर, चेहऱ्यासाठी कर, पोस्टरवाल्या बाईसाठी करायचं असेल तरी कर. त्या नाकाबद्दल बोलायचा हक्क मी केव्हाच घालवलाय. तरी मी बोलणारच, हे तुला माहीत आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते की ऐकू नकोस. सोळा तारखेला मी येतेय. सोबत एक हलकी फ्रेम आणतेय, ती कपाळाला चिकटपट्टी लावून घालता येते, नाकाला टेकत नाही. डॉक्टर हो म्हणाले तरच. पुढचा चष्मा सूज पूर्ण उतरल्यावर मीच करीन, नव्यानं माप घेऊन. तोवर तुझ्या डोळ्यांवर थंड पट्ट्या ठेवायला, उशा रचायला आणि गप्प बसायला मी आहे. शेवटचं जमेल तितकं.

आज सकाळी आईनं जिना पुसला. ओलं फडकं पिळून बादलीच्या काठावर टाकलं आणि आत निघून गेली. कोरडं फडकं खुंटीवरच होतं. पायऱ्या ओल्याच होत्या. मी कठडा धरून, एकेक करत खाली उतरले आणि दुकान उघडलं.

दार आपटणारी,
तुझी ताई