यम्माच्या तोंडचे बारा शब्द

शेरशेल,
३ ऑगस्ट २०२५

चि. सीदअली यास, ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

बाळ बाळसं धरतंय हे वाचून जीव सुखावला. सत्तेचाळिसाव्या वर्षी बाप व्हायची हौस तुझी, तेव्हा झोप होत नाही म्हणून माझ्याकडे रडगाणं गाऊ नकोस. इथे उकाडा मरणाचा आहे, सार्डिन भलतीच महागलीय, आणि आपली यम्मा ठणठणीत आहे. येत्या आठवड्यातल्या बोटीने ती नात बघायला तुझ्याकडे मार्सेला निघते आहे. चार पिशव्या आत्ताच भरून झाल्यात. पाचवीवरून आमचं भांडण चाललंय.

आता कामाचं. हे पत्र बोटीवरच्या भटारखान्यातल्या ओमारभावजींच्या हाती देते आहे. वाचून फाडून टाक.

तुझी भाची लामिया संगणकावर कशिद्याचे नमुने काढते, हे तुला ठाऊक आहेच. यम्माच्या लग्नातल्या मखमली कराकू-जाकिटावरची जरीची वेलबुट्टी तिने अशी उतरवली आहे की भरतकामाच्या यंत्रात घातली की तश्शी भरली जाते. गिऱ्हाइकं सगळी परदेशातली. त्यांचे पैसे कसे येतात हे मी कधी विचारलं नाही, आणि बाईसाहेबांनीही सांगितलं नाही. आत्ता उलगडा झाला. आपल्या बँकेतून जमेना, म्हणून तीन वर्षं ती बिटकॉइन घेत होती! बंदी आधीही होतीच, पण लोक काणाडोळा करायचे. या उन्हाळ्यात नवा कायदा आला. आता नुसतं जवळ बाळगलं तरी तुरुंग. आणि आई कोण, तर सरकारी शाळेतली फ्रेंचची मास्तरीण. मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, गल्लीने ऐकलंय तेवढं पुरे.

पण सीदअली, खोटं कशाला बोलू, रागावताना आतून छाती फुगत होती रे. पोरीने कुणापुढे हात पसरला नाही, नजरेच्या आणि बोटांच्या जोरावर कमावलं. आणि ल्योंच्या त्या शाळेने, जिथे जुनी वस्त्रं सांधायला शिकवतात, तिला प्रवेश दिलाय. मोजक्याच मुली घेतात. फी पंधरा सप्टेंबरच्या आत भरायची, नाहीतर जागा दुसरीला. फी आहे, पण ती त्या बिटकॉइनमध्ये अडकलेली.

कायदा आल्या दिवशीच लामियाने फोनमधून सगळं पुसून टाकलं. या घरातून, या मातीवरून ते पुन्हा उघडायचं नाही, असं मी बजावलंय, आणि तिलाही ते पटलंय. यापुढे तो धंदा बंद. पण तू राहतोस त्या देशात ते बाळगायला मुभा आहे. तिचं म्हणणं, त्या कुलपाची किल्ली म्हणजे फक्त बारा फ्रेंच शब्द, ओळीने. ते तुला मिळाले की तू तिकडे उघडून फी भरू शकशील. फोनवर सांगायची सोय नाही. लिहायचे तर ज्याच्या हाती कागद पडेल तो मालक. हे पत्र सापडलं तर मास्तरीणबाईची अब्रू जाईल, ते शब्द सापडले तर पोरीचं सगळंच जाईल.

आम्ही दोघी डोकं धरून बसलो होतो. यम्मा वाटाणे सोलत होती. ती म्हणाली, बाराच ना? मग एवढं तोंड पाडायला काय झालं? रमजानात बुकालाच्या मडक्याभोवती बायका जमतात तेव्हा सगळी गल्ली तिच्या तोंडाकडे बघते, हे तूही लहानपणी पाहिलंयस. चार ओळींची ती बुकाला-कवनं तिला किती येतात ते तिलाही माहीत नाही. लहानपणी फ्रेंच मडमेच्या स्वयंपाकघरात राबली, त्यामुळे भाषेचीही अडचण नाही. लामियाने शब्द म्हणून दाखवले, यम्माने ऐकले, वाटाणे संपले, पाठांतर झालं. शब्दांचा एकुलता कागद लामियाने लगेच चुलीत घातला, आणि तिला स्वतःला ते पाठ नाहीत. तेव्हा म्हातारीला नीट उतरवून घे. तुझ्या भाचीचं आयुष्य तिच्या तोंडात आहे.

सुनेला आणि बाळाला माझे पापे. लोभ आहेच, तो वाढव, वजन मात्र वाढवू नकोस.

तुझी ताई,
रतीबा


मार्से,
१९ ऑगस्ट २०२५

ती. रतीबाताईस, धाकट्याचा सलाम. वि. वि.

यम्मा सुखरूप पोचली. तुझं पत्र फाडलेलं नाही. मास्तरीणबाईंचं अक्षर फाडायला हात धजत नाही, लहानपणच्या छड्या आठवतात.

बंदरावरची हकीकत ऐक. ओमारभावजी सांगत होते, अल्जीअर्सला जकातवाल्याने पाचही पिशव्या उपसल्या. (पाचवी आलीच शेवटी, आणि तीत कोळशाची शेगडी आहे. मी चौथ्या मजल्यावर राहतो, ताई!) खजूर पाहिले, रवा चाळून पाहिला, मख्रूत मिठाईचा डबा उघडला. आणखी काही आहे का, असं त्याने विचारलं. यम्मा म्हणाली, आहे ना, माझे आशीर्वाद आहेत, त्यांच्यावर जकात लागते का? मग त्याच्या न झालेल्या लग्नासाठी एक बुकाला म्हणून दाखवली. तो एवढा लाजला की पिशव्या त्यानेच भरून दिल्या. भावजी हे सांगताना हसून हसून रडत होते. मलाही आपल्या आईचा असा अभिमान वाटला म्हणून सांगू!

पण पुढचं वाचताना जरा बसून घे.

चहा झाल्यावर ती मांडी घालून बसली आणि म्हणायला लागली. काय म्हणाली, वा! डोळे मिटलेले, मांडीवर ताल. बाळसुद्धा गप्प. मी एकेक शब्द घातला. कुलूप उघडलं नाही. पुन्हा म्हणायला लावलं, तेच शब्द, तीच ओळ. नाही उघडलं. तिसऱ्यांदाही नाही. शब्द बाराच्या बारा बरोबर आहेत असं यंत्र म्हणतं, तरी दार बंद. शेवटी मी हळूच विचारलं, यम्मा, काही चुकत तर नाही ना? झालं! माझं यंत्र बहिरं आहे, मी बहिरा आहे, आणि मला जन्म देताना तिला झालेला त्रास फुकट गेला. दोन दिवस माझ्या हातचं पाणीही घेतलं नाही.

ताई, मला भीती वाटते. वय झालंय तिचं. कुठे काही निसटलं असेल आणि तिला ते कळतही नसेल तर? लामियाच्या जागेची काळजी आहेच, पण यम्मा काही विसरली, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? मला जमणार नाही. तूच काहीतरी सुचव. दिवस थोडे आहेत.

तुझ्या रागालोभाचा हक्कदार,
सीदअली


शेरशेल,
२८ ऑगस्ट २०२५

चि. सीदअली यास, आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून लामिया उठून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी सुजलेल्या डोळ्यांनी बाहेर आली आणि म्हणाली, जागा गेली तर गेली, आजीला कुणी काही बोलायचं नाही. तेव्हा मला कळलं की मी पोरीला नीट वाढवलंय. एवढं लिहिताना माझेही डोळे भरून येताहेत, पण ते असो.

रात्रीची भांडी घासताना मी पुन्हा पुन्हा तेच आठवत होते, आणि एकदम डोक्यात उजेड पडला. अरे बावळटा, तू लिहितोस की ती ताल धरून म्हणाली! लामियाने सांगितलेल्या शब्दांना ताल कुठला? दगड-धोंडे ओतल्यासारखे शब्द ते, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. यम्माने ते जुळवले आहेत!

शेजारच्या हूरियाने स्वतः रचलेली बुकाला म्हटली होती, आठवतं? यम्माने तिथल्या तिथे दुरुस्त करून तिला परत दिली, आणि हूरिया पुढचे दोन रमजान आपल्याशी बोलली नाही. यमक जुळत नसेल तर आपल्या आईच्या घशाखाली उतरत नाही. तिने हे शब्द मागे-पुढे सरकवले असणार, आणि आपण पोरीचं काम सुधारून दिलं अशा समाधानात असणार. कुलपाला क्रम हवा रे, कविता नको. ती काही विसरलेली नाही. विसरणं तिला ठाऊकच नाही.

आता तू म्हणशील, मूळचा क्रम सांग म्हणून विचारतो. मुळीच विचारू नकोस. चुकीचं ते मी कशाला लक्षात ठेवू, असं म्हणून ती गप्प बसेल. त्यापेक्षा युक्ती कर. आपल्या यम्माला गाण्याइतकी दुसरी हौस कशाची? नकलांची! माझी नक्कल, तुझ्या सासूची नक्कल, इमामसाहेबांच्या खोकल्याची नक्कल. एकदा ऐकलेला माणूस ती जसाच्या तसा उभा करते. तर आधी तिची माफी माग, पाय दाब, आणि मग सहज म्हण की लामियाने हे शब्द काय भिकार म्हटले असतील नाही? पुढचं ती करेल.

लामियाची शपथ आहे, हसू नकोस. हसलास तर ती रंगात येऊन वाढवून म्हणेल आणि पुन्हा घोटाळा होईल.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
ताई


मार्से,
८ सप्टेंबर २०२५

ती. ताईस, सीदअलीचा साष्टांग सलाम. वि. वि.

उघडलं! उघडलं! उघडलं!

तू म्हणालीस तसं पाय दाबायला बसलो आणि विषय काढला. यम्माने आधी नाक मुरडलं. मग पदर सावरावा तसा ओढणीचा शेव खांद्यावर टाकला, मान लामियासारखी वाकडी केली, आणि सुरू झाली. तोच नाकातला आवाज, मधेच सुस्कारा, चौथ्या शब्दानंतर चष्मा वर सरकवणं, नवव्याला अडखळणं. चष्मा तिच्या नाकावर नव्हताच! मी ओठ दातांत धरले होते आणि बोटं चालत होती. बाराव्या शब्दाला कुलूप उघडलं. मग मात्र मी एवढा हसलो की बाळ घाबरून रडायला लागलं, आणि मीही रडायलाच लागलो.

दोन ओळींतले शब्द तिने उलटे लावले होते. का, असं विचारलं, तर म्हणाली की पोरीला चित्रं काढता येतात पण कान नाही, म्हणून नीट करून दिलं. अजूनही तिचाच क्रम बरोबर आहे असं तिचं मत आहे. आणि खरं सांगू, ऐकायला तोच गोड आहे.

लामियाची फी भरली. शाळेची पोचही आली. सगळं इथल्या कायद्याने, इथल्या बँकेतून, माझ्या सहीने. तुझ्या घरात आता काही उरलेलं नाही, तू निर्धास्त वर्गावर जा. भाचीला सांग, मामाच्या घरी कोळशाची शेगडी आहे, थंडीला घाबरू नकोस.

ताई, मी बसगाड्या दुरुस्त करणारा माणूस, मला फार बोलता येत नाही. पण गॅरेजात सगळ्यांना सांगितलं की माझी आई कोण आहे. आई कोण, बहीण कोण, भाची कोण.

तुझी माया आजवर पुरली, पुढेही पुरव.

तुझा,
सीदअली

ता. क. यम्मा माझ्या खांद्यावरून बघते आहे. म्हणते, तिचंही लिही. लहानपणी ती रोज धाकट्या भावाचं दप्तर पोचवायला शाळेपर्यंत जायची, आणि दारातूनच परत यायची. तिला आत पाठवायचं तिच्या बापाने कधी मनावर घेतलं नाही. हे तिने मला आज पहिल्यांदा सांगितलं. म्हणते, रतीबाला लिही, ती मास्तरीण आहे, तिला कळेल. शाळेच्या दारातून परत फिरलेल्या पोरीने आज नातीची फी भरली, तीही तोंडी.