दोन्ही बॅनरवर तुम्हीच

बाबा, तुमचा फोटो लागलाय गावात. एका ठिकाणी नाही, दोन ठिकाणी. एसटी स्टॉपवरच्या बॅनरवर तुमच्या डोक्यावर लाल अक्षरात लिहिलंय, ‘दारूने नेला घरचा कर्ता’. तिथून हाकेच्या अंतरावर बारच्या कंपाउंडला तोच फोटो, तोच वेशीवरचा वड, तीच गावाच्या राखणदार देवासमोर धरलेली दारूची करवंटी, आणि खाली, ‘देवाची परंपरा, गावाचा मान’. उभ्या जन्मात तुमचा एकच फोटो निघाला, तोही कोणा पाहुण्याने काढलेला. आपल्या भिंतीवरून मोबाइलवर कधी उतरवून नेला देव जाणे, पण दोन्ही बाजूंनी तुम्हाला वाटून घेतलं आणि मला एका शब्दाने विचारलं नाही. हसू नका, मी शाळेच्या भाषेत लिहितेय. मालवणीत सुरू केलं तर पत्र राहील बाजूला आणि आपलं भांडणच होईल.

झालं ते असं. घाटावरून एक बुवा आले. देवळाच्या सभामंडपात रोज संध्याकाळी प्रवचन, दारू म्हणजे पाप, दारू पिणाऱ्याच्या घरात देव राहत नाही. देवस्थान कमिटी त्यांच्यामागे, मग चर्चचे पाद्रीसुद्धा आले. दोघे एका जीपमध्ये बसून ओरोसला कलेक्टर साहेबांना निवेदन द्यायला गेले, अख्खा गाव बघत राहिला. शेवटी ठरलं की बायकांनी मतदान करायचं. चिठ्ठीवर दोन बाटल्या, एक उभी, एक आडवी. उभीवर शिक्का मारला तर बार राहणार, आडवीवर मारला तर बंद. नवरा गेल्यावर मी माहेरी आले, तेव्हापासून तुमच्याच घरात बचत गटाचा मसाला कुटतेय. गटाची अध्यक्ष मी, बार बंद करायच्या अर्जावर पहिली सही माझी. ती सही मी मनापासून केली, हे आधी ऐका. पण मग बुवा घरी आले नि म्हणाले, “ताई, ग्रामसभेत तुम्ही वडिलांबद्दल बोला. जिवंत उदाहरण पाहिजे लोकांना.” मेलेल्या माणसाचं जिवंत उदाहरण! ते जातात न जातात तोच बारवाला हजर. “राखणदाराक गाऱ्हाणा घालूचो मान तुझ्या बापाशीचो. देवाक दारू चलता तर माणसाक कित्याक नाय? इतक्याच बोल गो, बाये.” दोघांनाही मी चहा दिला. दोघेही जाताना माझं बोलणं ठरल्यासारखं बघून गेले.

त्यांना काय माहीत त्या फोटोतलं? मला माहीत आहे. वर्षाच्या राखणीचा दिवस. सकाळपासून तुम्ही थेंब घेत नाही. अन्नही नाही. राखणदाराला ओतायची ती आधी आपल्या तोंडाला लागता नये, म्हणून. मी अंगणात खेळतेय, आणि आई मला आत ओढते, “आज तेंच्या वाटेक जाव नको. आज ते देवाचे.” तुम्ही पडवीत बसलेले, हात थरथरतायत म्हणून मांडीखाली दाबून धरलेले. मी तरीही पळत येते, गळ्यात पडायला बघते, तर तुम्ही माझ्याकडे अनोळखी पोरीकडे बघावं तसं बघता. “लांब रव.” एवढंच. मग वडाखाली सगळा गाव उभा, तुम्ही करवंटी धरलीय, कपाळावर घाम, आणि तुमचा आवाज मात्र खणखणीत. गाऱ्हाण्यात तुम्ही ‘बा देवा म्हाराजा’ म्हटलं की मागून सगळे, “व्हय म्हाराजा!” बाबा, वर्षातला तो एकच दिवस तुम्ही प्यालेले नसायचात. नेमका त्याच दिवशीचा फोटो निघाला.

बाकीचे दिवस मी विसरले नाही, तसं समजू नका. सांजवेळी तुमची चाहूल लागली की आई कालवणाचं भांडं चुलीमागे टोपलीखाली सरकवायची, कारण पुढ्यात दिसलं की तुम्ही लाथाडणार. नारळ पाडून पाडून राठ झालेला तो हात एकदा आईच्या कानावर बसला आणि तो कान कायमचा गेला. ती मरेपर्यंत मी तिच्याशी डाव्या बाजूने बोलले. तिने कधी कोणाला सांगितलं नाही, म्हणायची, सर्दीन गेलो. मला तुमचा संताप येतो बाबा, आजही येतो, मिरच्या भाजताना येतो तेव्हा धुराचं निमित्त होतं. पण त्याच हातांनी तुम्ही खिशातून चुरा झालेलं खाजं काढायचात, शर्टाला गूळ चिकटलेला. “बाये, बघ तुका काय हाडलंय!” आणि मला खांद्यावर घेऊन अंगणभर नाचायचात. हे सगळं प्यायल्यावरच. न पिता तुम्ही माझ्याशी काय बोललात ते आठवायला बसले तर ‘लांब रव’च्या पुढे जात नाही.

ग्रामसभेत माइक माझ्या हातात दिला. एका अंगाला बुवा, पाद्री नि कमिटी, दुसऱ्या अंगाला बारवाला आणि त्याची माणसं, मध्ये मी. शाळेची भाषा आठवेना. म्हटलं, “ह्या फोटोत माझो बापूस पियालेलो नाय. तेचो वर्षातलो ह्यो एकच दिवस.” आवाज कसा कोण जाणे तुमच्यासारखा निघाला, आणि मागून एक म्हातारा सवयीने ओरडला, “व्हय म्हाराजा!” सगळी सभा हसली. मी पुढे काही बोलायच्या आत बुवा उभे राहिले, “ऐकलंत? देवाच्या धाकाने दारू सुटते!” तिकडून बारवाला, “ऐकलास? देवाच्या दारूक केवढो मान देय होतो!” दोन्हीकडून टाळ्या. मी काहीही बोलले असते तरी ते कोणाच्या ना कोणाच्या पोत्यात गेलंच असतं. माइक ठेवून खाली बसले. आईच्या कानाबद्दल बोलायचं होतं. ते तोंडावर आलं होतं. पण ते बोलले असते तर उद्या तोही बॅनरवर आला असता.

मतदान झालं. मी आडवीवर शिक्का मारला, आईसाठी मारला. बार बंद झाला. राखणदाराला यंदा बुवांच्या सांगण्यावरून शहाळं फोडलं. त्याला काय वाटलं ते तुम्हीच विचारून घ्या, तुम्ही असाल तिथेच कुठेतरी. एक बॅनर कोणीतरी गोठ्यावर घातला. दुसरा मी आणला आणि लाकडांवर टाकला, तुमचं तोंड आतल्या बाजूला करून, पावसाने भिजू नये म्हणून. बायका आता रस्त्यात मला नमस्कार करतात. चांगलं झालं असंच मी सगळ्यांना सांगते, आणि ते खोटं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. बार होता तेव्हा बाजाराला जाताना तिथून वास यायचा आणि माझी चाल आपोआप हळू व्हायची. बंद झाल्यावर मला वाटलं, सुटले. नाही सुटले. मग मालवणला गेले, जिथे मला कोणी ओळखत नाही, आणि एक क्वार्टर घेतली. परतीच्या एसटीत पिशवी मांडीवर धरून बसले होते, गटातलीच एक शेजारी, माका मेलीक दरदरून घाम. ती बाटली मसाल्याच्या डब्यांमागे आहे. शप्पथ, थेंब तोंडात घातलेला नाही. कधीतरी दुपारी दार लावून नुसतं बूच उघडते, वास घेते, ‘बाये’ ऐकू येतं का बघते, आणि परत लावते. बूच आता सैल झालंय. आडवी ठेवली तर गळते, म्हणून उभीच ठेवलीय.