विमानाचा उपास

ता. २ डिसेंबर १८९५. डोंबिवली.
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही.
पेटी आली. मुंबईस कस्टमच्या बेवारशी मालाच्या लिलावात कोणी हात वर करीना, माझा झाला. खरे म्हणजे मी पागोटे सारखे करीत होतो. पण ईश्वरी संकेत असेच यायचे. आत लवचिक काठ्या, तारा, स्क्रू, कॅनव्हासचे तागे आणि एक छापील इंग्रजी कागद. सर्व जोडले की विमान होते. चित्रात एक साहेब टेकडीवरून उडाला आहे, टोपीसकट.
मिठागराच्या नाक्यावर लोकांचे मीठ जोखण्यात जन्म गेला. विश्रामपंत नाकेदार म्हणून मरायचे नाही. महिन्याभरात उडतो.
गोठ्यात कारखाना करायचे ठरले. कुटुंब म्हणाले, "आणि गाय?" याविषयी कागदात काही दिसत नाही.

ता. ५ डिसेंबर.
गाय चिंचेखाली. दूध देत नाही. मुद्दाम करते.
तानाजी सुतार आला. चित्र उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाला, "पंत, यो पालना हाय का? कोनाला झाला पोर?" मी गंभीरपणे सांगितले की हे विमान आहे. "आन् उडनार कोन?" मी. त्याने मला पायापासून पागोट्यापर्यंत पाहिले आणि काम घेतले. हे मला आवडले नाही.

ता. ९ डिसेंबर.
सांगाडा उभा राहिला. डावा पंख उजव्यापेक्षा किंचित लांब वाटतो. तानाजी म्हणतो, माझी मान वाकडी आहे.
कुटुंबाचा हट्ट, की इंग्रजी कागद जावयाला दाखवा. आनंदराव ठाण्यास शाळेत इंग्रजीच शिकवतात. पण जावयापुढे बोट लावून "याचा अर्थ काय हो" असे विचारायचे? सासरा आहे मी. शिवाय मलाही इंग्रजी येते. दुसरे बुक निम्मे झाले तेव्हा आमचे मास्तर वारले. निम्मे पक्के आहे.

ता. १४ डिसेंबर.
घात झाला. पण रागात झाला, म्हणून तो धरू नये.
मारुतीच्या पारावर श्रीपादराव भेटले. वकिलाकडे कारकुनी करून रिटायर झालेले, जिभेला हाड नाही. सर्वांदेखत म्हणाले, "काय पंत, ऐकतो ते खरं? कोंबडी कधी उडणार म्हणायची?" मी म्हणालो, संक्रांतीस, मानपाड्याच्या वाटेवरच्या टेकडीवरून. ते म्हणाले, "जमिनीपासून वीतभर वर गेलात तर मी मिशी उतरवतो. नाही गेलात तर तुमची." लोक हसले. मी हो म्हणालो. माझ्याच तोंडून आले, यात शंका नाही.
घरी येऊन आरसा पाहिला. मिशी चांगली आहे. बाबा गेले तेव्हा एकदाच उतरवली होती. आपल्यात मिशी नसलेला म्हातारा दिसला की लोक पहिला प्रश्न करतात, कोण गेले?

ता. २० डिसेंबर.
कागद वाचीत बसलो. पुष्कळ शब्द दुसऱ्या बुकाच्या पुढच्या भागातले आहेत. पण शेवटी ठळक अक्षरांत दोन आज्ञा आहेत, त्या मात्र लख्ख कळल्या.
दुसरी आधी लिहितो. "दि ऑपरेटर मस्ट होल्ड फास्ट." ऑपरेटर म्हणजे जो उडेल तो. होल्ड म्हणजे धरणे. फास्ट म्हणजे उपास. मास्तरांचे वाक्य अजून पाठ आहे, "माय मदर कीप्स अ फास्ट." तेव्हा, उडणाऱ्याने उपास धरावा.
अंगावर काटा आला. साहेब लोक, ख्रिस्ती, आणि विमानाला उपास सांगतात! म्हणजे विद्या मूळ आपलीच. आपल्या पोथ्यांतून उचलली आणि इंग्रजीत छापली.

ता. २६ डिसेंबर.
पहिली आज्ञा. "दि ऑपरेटर मस्ट बी लाइट." लाइट म्हणजे उजेड. उडणाऱ्यापाशी उजेड असावा. आगगाडीच्या इंजिनाला पुढे दिवा असतोच. घरातला काचेचा कंदील तानाजीकडून आडव्या काठीला टांगवला, बरोबर माझ्या हनुवटीखाली येतो.
तानाजीने विचारले, "पंत, दिसाउजेडी कंदील कशाला?" आकाशात वर काय असेल ते तुला ठाऊक आहे का, असे मी विचारले. तो म्हणाला, नाही. मग झाले तर.

ता. ३ जानेवारी १८९६.
पंखांना कापड चढले. विमान तयार आहे. इतक्या लवकर तयार होईल असे वाटले नव्हते. तानाजीने घाई केली.
छातीत धडधड. ही भीती नव्हे, वात आहे. सुंठ घेतली.
संक्रांतीस वारा नसेल तर उडता येणार नाही, असे पारावर सहज बोलून ठेवले. श्रीपादराव म्हणाले, "वारा असतो हो. पोरं पतंग उडवतात ना?" या माणसाला कशातले काही कळत नाही.

ता. ८ जानेवारी.
उपास सुरू. किती दिवस धरायचा हे कागदात नाही. पाच धरावे. सकाळी वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. दुपारी खजूर. उपास सोपा आहे.

ता. १० जानेवारी.
एक शंका. दाणे चालतात ना? विलायतेत वरी पिकत नाही, मग साहेब उपासाला काय खात असेल? बहुधा काहीच नाही. दाणे बंद. रताळी बंद. फक्त दूध. गाय दूध देत नाही.
आज जिना चढताना डोळ्यांपुढे काजवे. कुटुंब म्हणाले, "एकादशी नाही, सोमवार नाही, हा कुठला उपास?" विमानाचा, म्हणालो. "मग विमानानं धरावा," म्हणाले.

ता. १२ जानेवारी. भोगी.
सकाळपासून घरात तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीचा वास. वांगी, पावटा, गाजर, हरभरा, सगळे एका पातेल्यात रटरटते आहे. वर लोणी. हा वास घेण्यात उपास मोडतो का, याचा विचार करीत स्वयंपाकघराच्या दारात बराच वेळ उभा राहिलो.

तोच दिवस, दुपार.
भाकरी चाखून पाहिली. खाल्ली नाही.

तोच दिवस, थोड्या वेळाने.
दोन चाखल्या.
आज्ञा मोडली. मोडलेल्या उपासावर उडालो आणि वर गेल्यावर विमानाने सोडले तर? चित्रातल्या साहेबाकडे पाहवत नाही. प्रायश्चित्त एकच. आतापासून निर्जळी.

ता. १३ जानेवारी. संक्रांत, सकाळ.
जिभेला कोरड. अक्षर वाकडे येत आहे, टाक खराब.
कुटुंब नवे लुगडे नेसून, सुगडी मांडून बसले आहे. मी पागोटे घातले तसे दारात आडवे आले. एवढ्या वर्षांत कधी आडवे आले नव्हते. म्हणाले, "आज सवाष्णींचा सण. दुपारी बायका यायच्या, त्यांना वाण द्यायचं आहे मला. ते कुंकू लावून द्यायचं की पुसून, तेवढं सांगून जावं." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते, मलाही चढवता आला असता.
मी म्हणालो, दुपारपर्यंत येतो.
"कसे याल?"
जोडे घातले. मांजर आडवे जाईल म्हणून थोडा थांबलो. आज गावातली सगळी मांजरे कुठे गेली आहेत कोण जाणे.

तोच दिवस, संध्याकाळ. पडून लिहितो.
टेकडीवर जत्रा जमली होती. लोक तिळगूळ खात होते आणि मला देत होते. मी नाही म्हणत होतो. वारा होता. फारच होता. पुढे श्रीपादराव मिशीवरून बोटे फिरवीत उभे.
तानाजीने सांगाडा खांद्यांवर चढवला, कंदील पेटवला आणि शेपूट धरून मागे राहिला. "पंत, आता पळा." मी म्हणालो, वारा पूर्वेचा आहे. वारा फिरला. मी म्हणालो, कोणीतरी शिंकले. श्रीपादराव म्हणाले, "कोणी शिंकलेलं नाही पंत, आणि शिंकलं असेल तर मीच, तुमच्यासाठी." सगळे हसले. मी डोळे मिटले. सुगडी दिसू लागली.
तीन-चार पावले धावलो असेन. पायांखालची जमीन गेली. आलो वर, असे वाटले! पण ती भोवळ होती. मान पुढे पडली, ती कंदिलावर. चर्र आवाज आला आणि भाजलेल्या केसांचा वास. मी ओरडलो, हात सोडले आणि मटकन खाली बसलो.
विमान मात्र बसले नाही. माझ्या डोक्यावरून उठले, लोकांच्या डोक्यांवरून गेले, आंब्याच्या शेंड्याइतके वर चढले. कंदील लावून, एकटेच, इतके सुरेख! कोणी हसले नाही. मग ते खालच्या वाळल्या गवतात उतरले आणि पेटले. फांद्यांनी आग झोडपून विझवली. काठ्या, कापड, काही उरले नाही.
श्रीपादराव म्हणाले की पैज विमानाची नव्हती, विश्रामपंतांची होती. मी वाद घातला नाही. अर्धी मिशी नसताना वाद घालता येत नाही.
तानाजीने पाठुंगळीला मारून घरी आणले. कुटुंब दारातच होते. मला हातपाय हलवून दाखवायला सांगितले. दाखवले. मग आत गेले, आणि मोठ्याने, गरजेपेक्षा फार मोठ्याने, बायकांना हळदीकुंकवाला हाका मारू लागले.

ता. १४ जानेवारी.
भोगीची उरलेली बाजरीची भाकरी खाल्ली. चाखली नाही, खाल्ली.
आनंदराव तिळगूळ घेऊन ठाण्याहून आले. मी झोपलो आहे असे समजून कुटुंबाने तो कागद त्यांच्यापुढे टाकला आणि उपास-कंदिलाची सारी हकीगत सांगितली. त्यांनी वाचला. मग पोट धरून माजघरात गेले. परत आले ते डोळे पुसत, तोवर मी उठून बसलो होतो. "मामा, लाइट म्हणजे हलका. उडणारा वजनाने हलका असावा. आणि होल्ड फास्ट म्हणजे दांडी घट्ट धरा. सोडू नका."
मी थोडा विचार करून सांगितले की उपासाने मी हलका झालोच होतो, म्हणजे पहिली आज्ञा पाळली गेली. आणि दांडी मी उपासामुळेच सोडली. तेव्हा चूक भाषेची आहे. एकाच शब्दाला घट्ट आणि उपाशी असे दोन अर्थ ठेवणाऱ्या लोकांनी विमाने विकू नयेत.
गाय पुन्हा गोठ्यात. दूध देते.
काळुराम न्हावी आला. म्हणाला, "अर्धी ठेवून काय करणार, पंत?" उतरवली. ही पैजेने गेलेली नाही, अपघाताने गेली, हे त्याला दोनदा सांगितले. त्याने मान हलवली, पण ती वस्तरा पुसताना.
दुपारी ओटीवर बसलो होतो. रस्त्याने कोणी परगावचे गृहस्थ स्टेशनाकडे चालले होते. माझ्या तोंडाकडे पाहून थबकले, जोडे काढले, आवाज खाली आणून म्हणाले, "अरेरे. कोण गेलं?"
मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतून कुटुंबाचा आवाज आला.
"विमान."